बगळ्याचे ध्यान

आपल्या भाषेने ज्या प्राण्यांवर कायमचा शिक्का मारून ठेवला आहे त्यांत बगळ्याची गणना प्रथम केली पाहिजे. कोल्हा लबाड ठरला, गाढव मूर्ख ठरले, कावळा अमंगळ ठरला. पण ढोंगीपणाचा मान एकट्या बगळ्याच्या वाट्याला आला. पंचतंत्रातील बगळ्याने तळ्यातल्या माशांना फसविले आणि अखेर खेकड्याकडून मान तोडून घेतली. तेव्हापासून आपण 'बकध्यान' हा शब्द टिळे लावून फिरणाऱ्या सर्व भोंदूंना बहाल करीत आलो आहोत. आम्ही भाषा शिकविणारे. वर्गात हा शब्द आला की अर्थ सांगून पुढे जावे, असा आमचाही शिरस्ता. परंतु आषाढातल्या एखाद्या सकाळी भातशेतीच्या बांधावर उभ्या असलेल्या बगळ्याकडे थोडा वेळ लक्षपूर्वक पाहिले, तर या बिचाऱ्याला साधुत्वाचे सोंग कोणापुढेच आणायचे नाही, अशी खात्री पटू लागते. त्याच्यासमोर चिखलात बसलेला बेडूक, म्हणजे आमच्या कोकणीतला बेबो, त्याला साधूही समजत नाही आणि चोरही समजत नाही. बेडकाच्या लेखी तेथे बगळाच नसतो.

हे विधान कोणाला आलंकारिक वाटेल. परंतु ते जवळजवळ शब्दशः खरे आहे. बेडकाचा डोळा न हलणाऱ्या वस्तूंची फारशी दखलच घेत नाही. बगळा शेतात निश्चल उभा राहतो तो पुण्य मिळविण्यासाठी नव्हे, तर हललेली प्रत्येक गोष्ट टिपणाऱ्या डोळ्यांपासून लपण्यासाठी. आणि गंमत अशी की, बगळ्याने अनुभवाने साधलेली ही गोष्ट विज्ञानाला नीट उमगण्यासाठी विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. ती कथा येथे सांगावी, असे आम्ही योजिले आहे. कारण तिचा शेवट शेतात होत नाही. तो आपल्या शाळेच्या फाटकासमोरील रस्त्यावर होतो.

शाळेच्या पुस्तकात डोळ्याची तुलना कॅमेऱ्याशी केलेली असते. समोर भिंग, मधे पोकळी आणि मागे पडदा. पडद्यावर बाहेरच्या जगाचे उलटे चित्र उमटते. भिंगापुरती ही तुलना अगदी योग्य आहे. पण पडद्यापाशी आलो की ती निकामी ठरते. आपल्या डोळ्याच्या या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, सुमारे १२ कोटी दंडाकार आणि सुमारे ६० लक्ष शंकूच्या आकाराच्या प्रकाशग्राही पेशी असतात. येथून मेंदूकडे वार्ता वाहून नेणारे मज्जातंतू मात्र सुमारे १० लक्षच आहेत. म्हणजे शंभराहून अधिक वार्ताहर आणि त्यांच्यामागे तार एकच! सगळ्यांचे सगळे बोलणे मेंदूकडे धाडणे शक्यच नाही. तेव्हा कोणती वार्ता धाडावी आणि कोणती गाळावी, याचा निवाडा दृष्टिपटलालाच करावा लागतो. कागदाइतक्या पातळ अशा त्या पटलात पेशींचे अनेक थर आहेत आणि निवाड्याचे काम त्या थरांत अहोरात्र चाललेले असते.

हा निवाडा कोणत्या नियमाने होतो? वृत्तपत्राच्या संपादकाचा जो नियम, तोच येथेही लागू पडतो. 'डोंगर काल जेथे होता तेथेच आजही आहे', अशी बातमी कोणी छापीत नाही. डोंगराची दरड कोसळली, तरच ती बातमी होते. अमेरिकन शास्त्रज्ञ हाल्डन केफर हार्टलाइन यांनी १९३८ साली बेडकाच्या डोळ्यातून निघणारे मज्जातंतू एकेक करून तपासले. काही तंतू प्रकाश लागताच जागे होत, काही प्रकाश गेला की जागे होत, आणि काही दोन्ही वेळा क्षणभर जागे होऊन पुन्हा स्वस्थ बसत. या शेवटच्या दोन जातींना दिवा सतत तेवत राहिला तर सांगण्यासारखे काहीच नसे. त्यांना गरज होती ती बदलाची. डोळ्यासंबंधीच्या अशा संशोधनाबद्दल हार्टलाइन यांना १९६७ साली आणखी दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे १९५३ साली इंग्लंडमध्ये होरेस बार्लो यांनी दाखविले की, बेडकाच्या डोळ्यातील काही पेशींना माशीएवढी लहानशी वस्तू हलली की विशेष चेव येतो. आणि १९५९ साली अमेरिकेत लेटविन, मातुराना, मॅक्कलॉक आणि पिट्स या चौघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. बेडकाचा डोळा बेडकाच्या मेंदूला काय सांगतो, असे त्याचे नावच होते. बेडकाच्या डोळ्यातून मेंदूकडे चित्र जात नाही, तर काही ठराविक प्रश्नांची उत्तरे जातात, असा त्यांचा निष्कर्ष होता. एखादी कड दृष्टीच्या टापूत आली का? लहान, काळसर, गोलसर असे काही हलत आहे का? एखादी कड सरकते आहे का? एकाएकी अंधारून आले का? पहिली गोष्ट आसपासची, दुसरी भक्ष्याची आणि शेवटची बहुधा शत्रूची. भोवती खाद्याचा ढीग असला तरी ते हलत नसेल तर बेडूक त्यात उपाशी मरेल, असे या चौघांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे.

हे वाचून बेडकाची कीव करण्याचा मोह आम्हांस झाला. पण तो फार वेळ टिकला नाही. कारण माणसाचा डोळाही त्याच कुळातला आहे. एखाद्या ठिपक्याकडे आपण कितीही रोखून पाहिले तरी आपले बुबुळ पूर्णपणे स्थिर राहत नाही. त्याचा अतिसूक्ष्म कंप सदैव चालू असतो. १९५२-५३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत शास्त्रज्ञांनी बुबुळावर बसणाऱ्या भिंगाला बारीकसा आरसा जडवून अशी युक्ती केली की, डोळा जसा हलेल तसेच समोरचे चित्रही हलावे. म्हणजेच दृष्टिपटलावर ते एकाच जागी खिळून राहावे. परिणाम असा झाला की, अवघ्या काही सेकंदांत चित्र फिके पडत पडत दिसेनासे झाले! डोळा उघडा, प्रकाश स्वच्छ, चित्र समोर, आणि पाहणाऱ्याला दिसते काय, तर काहीच नाही.

याचा एक पुरावा आपण प्रत्येक जण जन्मभर बाळगीत असतो. दृष्टिपटलाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांचे जाळे प्रकाशग्राही पेशींच्या पुढच्या बाजूस आहे. त्यांची सावली अष्टौप्रहर त्या पेशींवर पडते. तरीही जगाकडे पाहताना आपल्याला कोठे झाडाच्या फांद्यांसारखी जाळी दिसत नाही. कारण ती सावली डोळ्याबरोबरच फिरते, पटलावरून ती कधी सरकत नाही, आणि जे सरकत नाही त्याची वार्ता होत नाही. एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये या बोहेमियन शास्त्रज्ञाने डोळ्याजवळ दिवा हलवून ही सावली जागची हलविली, तेव्हा ती वृक्षाकृती जाळी एकदम प्रकट झाली. तात्पर्य, बेडकाच्या आणि आपल्या डोळ्यांत या बाबतीत भेद एवढाच की, आपला डोळा स्वतः थरथरून स्थिर जगालाही थोडे हलवून घेतो, म्हणून डोंगर आपल्याला दिसत राहतो.

परंतु काहीतरी बदलले एवढे कळून भागत नाही. ते कोणत्या दिशेने गेले हेही कळले पाहिजे. एकेक पेशी पाहते ती आकाशाचा केवळ एक ठिपका. मग दिशा कोणी ओळखावी? यावर निसर्गाने काढलेली तोड एखाद्या कोड्यासारखी आहे. समजा, एका गावात विहिरीपासून देवळापर्यंत एक रस्ता आहे. विहिरीपाशी एक मुलगा बसविला आहे आणि देवळापाशी दुसरा. समोरून कोणी गेले की प्रत्येकाने बंद खोलीत बसलेल्या गुरुजींना निरोप धाडावयाचा. विहिरीवरचा निरोप्या रमतगमत येतो, देवळाजवळचा धावत येतो. आता एखादा वाटसरू विहिरीकडून देवळाकडे चालू लागला, तर पहिला निरोप आधी निघतो पण वाटेत रेंगाळतो. दुसरा मागाहून निघतो पण धावत येतो. आणि दोन्ही निरोप खोलीच्या दारात एकाच क्षणी येऊन थडकतात. वाटसरू उलट दिशेने आला तर मात्र देवळाचा निरोप कधीच येऊन गेलेला असतो आणि विहिरीचा फार उशिरा पोचतो. दोघांची गाठ पडत नाही. गुरुजींनी रस्ता पाहिलेला नाही, वाटसरू पाहिलेला नाही. तरी दोन निरोप जोडीने आले की ते खुशाल सांगू शकतात, माणूस देवळाकडे गेला.

जर्मनीत हासेनस्टाइन आणि राइखार्ट यांनी १९५६ साली हे तत्त्व मांडले, ते एका भुंग्याच्या साहाय्याने. भुंग्याला पाठीकडून धरून ठेवले आणि त्याच्या पायांत गवताच्या काड्यांचा एक हलका गोल दिला. भुंगा चालू लागला की तो जागेवरच राही आणि गोल फिरे. काड्या जेथे दुभंगत तेथे त्याला डावे की उजवे ते निवडावे लागे. भोवतालचे पट्टे सरकविले म्हणजे तो कोणती वाट निवडतो, याची मोजदाद ठेवून त्यांनी आपले गणित बसविले. सशाच्या दृष्टिपटलात तर दिशा ओळखणाऱ्या पेशी प्रत्यक्षच सापडल्या. १९६५ साली बार्लो आणि लेविक यांनी दाखविले की, तेथे उशिरा येणारा निरोप अनुमतीचा नसून मनाईचा असतो. नको असलेल्या दिशेने वस्तू आली तर मनाईहुकूम आधीच निघालेला असतो आणि तो नेमका वेळेवर पोचून पेशीचे तोंड बंद करतो. हव्या त्या दिशेने आली, तर हुकूम सुटण्यापूर्वीच बातमी निघून गेलेली असते. ही मनाई करणाऱ्या पेशी चांदणीच्या आकाराच्या आहेत. त्यांच्या फांद्या केंद्राकडून टोकाकडे जाणाऱ्या हालचालीने अधिक उद्दीपित होतात, हे २००२ साली थॉमस ऑयलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. एका लहानशा प्रश्नाचा असा पिढ्यान्‌पिढ्या पाठपुरावा होतो, हे पाहून आम्हां भाषेच्या माणसांना तरी मोठे नवल वाटते.

येथवर प्रयोगशाळेतील गोष्ट झाली. तेथे पडदा कोरा असतो आणि त्यावरून एकच ठिपका सरकतो. परंतु खऱ्या जगात कोरा पडदा कोठे आहे? वारा सुटला की शेतातले प्रत्येक पाते डोलते, माडांच्या झावळ्या हलतात, पाण्यावर तरंग उठतात, ढगांच्या सावल्या धावतात. त्यावर कडी म्हणजे पाहणाऱ्याचा डोळाच थरथरतो, मान वळते, पाय चालतात. त्यामुळे दृष्टिपटलावरचे अवघे चित्र क्षणोक्षणी सरकत असते. मग या सर्व गोंधळात गवतातून सरपटणारा साप वेगळा कसा ओळखू यावा? जेथे सर्वच हलते आहे तेथे खरोखर कोण हलले, हा दृष्टीपुढचा अवघड प्रश्न आहे.

१९५९ सालच्या त्या निबंधातच याचे एक सुंदर उत्तर दडलेले होते. त्या चौघांनी बेडकासमोर त्याच्याच वस्तीचे, फुले आणि गवत असलेले एक मोठे रंगीत छायाचित्र धरले आणि ते इकडेतिकडे हलविले. भक्ष्य ओळखणारे तंतू स्वस्थच राहिले. मग त्या चित्रावर माशीएवढी एक वस्तू लोहचुंबकाने चिकटवून फक्त ती वस्तू सरकविली. तंतू खडबडून जागे झाले. पुढे तीच वस्तू चित्रावर पक्की बसवून चित्र आणि वस्तू दोन्ही मिळून हलविली. पुन्हा सर्वत्र शांतता! वस्तू हलली की नाही हा प्रश्नच तंतूंना पडलेला नव्हता. ती भोवतालापेक्षा निराळी हलली की नाही, एवढेच ते विचारीत होते.

२००३ साली ओल्वेत्स्की, बॅकस आणि मायस्टर या हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सॅलमँडर नावाचा बेडकाचा एक शेपटीवाला नातलग आणि ससा यांच्या दृष्टिपटलांत ही युक्ती कशी चालते ते उलगडून दाखविले. तेथे काही पेशी अशा आहेत की, त्यांच्या समोरचा तुकडा आणि भोवतालचे दृश्य एकाच वेळी एकाच तऱ्हेने सरकले, तर त्या मौन धरतात. तुकडा निराळ्या तालात सरकला की बोलू लागतात. दूरवर हात पसरलेल्या दुसऱ्या काही पेशी भोवतालच्या हालचालीची खबर आणून मधल्या पेशीला गप्प बसवितात. सर्व दृश्य एकदम सरकले याचा अर्थ साधारणतः एकच असतो: जग हललेले नाही, आपला डोळा हलला आहे. मांडवी नदीवर फेरीबोटीतून जाताना हा न्याय आपल्याला अनायासे अनुभवता येतो. काठावरची झाडे, घरे, खांब सारे मिळून मागे जातात, आणि त्यांच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. पण त्याच काठावरून एखादा मनुष्य उलट दिशेने चालू लागला की नजर आपोआप त्याच्याकडे वळते. आपल्या स्वतःच्या हालचालीची वजाबाकी झाल्यानंतर जी बाकी उरते, तीच जगाची हालचाल.

मोठ्या प्राण्यांत ही वजाबाकी एकट्या डोळ्यावर सोपविलेली नाही. माणसात आणि माकडात दिशेचा हिशेब मुख्यत्वे मेंदूच्या मागील भागात होतो. तेथे हालचालीला वाहिलेला एक लहानसा प्रदेश आहे, हे सेमिर झेकी यांच्या माकडांवरील अभ्यासातून १९७० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले. शिवाय मेंदू डोळ्याच्या स्नायूंना 'डावीकडे वळा' असा हुकूम देतो, तेव्हा त्या हुकमाची जणू एक नक्कल स्वतःजवळ ठेवतो आणि त्या मानाने चित्राचे सरकणे जमेस धरतो. विद्यार्थ्यांनी याचा पडताळा घरच्या घरी घ्यावा. एक डोळा झाकून घ्यावा आणि दुसऱ्या, उघड्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर पापणीवरून बोटाचा अगदी हलका दाब द्यावा. सगळी खोली हललेली दिसेल. डोळा आपण होऊन वळविला तर खोली जागची हलत नाही. बोटाने ढकलला तर हलते, कारण बोटाने दिलेल्या धक्क्याची नक्कल मेंदूच्या दप्तरी नसते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच या साध्या प्रयोगाचे महत्त्व ओळखले होते.

मेंदूतील हा प्रदेश गेला तर काय होते? १९८३ साली जर्मनीतील योझेफ त्सील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. आजाराने तिच्या मेंदूच्या मागील भागाला दोन्ही बाजूंनी इजा झाली होती. रंग, आकार, माणसांचे चेहरे तिला ओळखता येत. फक्त हालचाल दिसत नसे. पेल्यात चहा ओतताना ती धार तिला बर्फासारखी गोठलेली दिसे. पेला केव्हा भरत आला ते कळत नसल्यामुळे हात केव्हा थांबवावा तेही कळत नसे. खोलीत दोघेतिघे वावरू लागले की ती अस्वस्थ होऊन उठून जाई, कारण माणसे आता येथे तर आता तेथे दिसत, पण मधली चाल तिला दिसत नसे. आणि रस्ता ओलांडणे तर तिला फारच भीतीचे होऊन बसले. मोटार आधी खूप दूर दिसे. पाऊल टाकायला जावे तो ती एकाएकी अगदी जवळ आलेली असे.

त्या स्त्रीचे दुःख दुर्मिळ आहे. परंतु तिच्या रस्त्याचा जो धोका, त्याचा थोडा अंश धडधाकट डोळ्याच्या प्रत्येकाच्या वाट्याला आलेला आहे, आणि मुलांच्या वाट्याला तो अधिक आला आहे. म्हणूनच हा एवढा पसारा आम्ही मांडला.

नजरेच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जाणारी वस्तू आपण सहज टिपतो. पण जी वस्तू थेट आपल्याच रोखाने येते ती दृष्टिपटलावर बाजूला सरकतच नाही. ती जागच्या जागी राहून फक्त मोठी होते. शिकारी प्राण्यांनी हे मर्म केव्हाच जाणले आहे. पावसानंतर शेतावर उडणारा चतुर आपल्या प्रतिस्पर्ध्याकडे झेपावताना कधी कधी अशी वाट धरतो की, दुसऱ्याच्या नजरेला तो एकाच जागी ठरलेला भासावा. हे २००३ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी मोजून दाखविले. उडता उडता साधलेले ते बकध्यानच म्हणावयाचे! दर्यावर्दी माणसांनाही हे ठाऊक असते. आमच्या गोव्यातील कित्येक घरांतील पुरुष तारवटी म्हणून जहाजांवर गेले; जहाजावर हा नियम शिकविला जातो की, दुसरे गलबत जवळ येत असताना त्याची दिशा होकायंत्रावर बदलत नसेल, तर टक्कर होण्याचा संभव आहे असे समजावे. समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत तो लिहिलेलाच आहे. जे जागचे हलत नाही असे वाटते, तेच आपल्यावर येत असते.

आता रस्त्याचा हिशेब मांडू. समजा, ७० सेंटिमीटर रुंदीची एक दुचाकी ताशी ४० किलोमीटर वेगाने समोरून येत आहे. १०० मीटरांवर असताना ती आपल्याला पौर्णिमेच्या चंद्राहूनही थोडी कमी रुंद दिसते. तेथून ५० मीटरांवर येईपर्यंत साडेचार सेकंद जातात, आणि एवढ्या वेळात तिची रुंदी केवळ दुप्पट होते. पुढच्या सव्वादोन सेकंदांत ती पुन्हा दुप्पट होते. त्यापुढच्या सव्वा सेकंदाच्या आत पुन्हा दुप्पट. म्हणजे प्रथम बराच वेळ ती वाढत नाही असेच वाटते, आणि मग एकदम अंगावर येते. वेग ताशी ८० असेल तर हे सर्व काळ निम्म्यावर येतात. डोळ्याला जी वाढ जाणवायला हवी ती जाणवण्याजोगी होते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

२०११ साली लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील जॉन वॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळेतील मुलांची याच बाबतीत परीक्षा घेतली. ताशी २० मैलांहून, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरांहून अधिक वेगाने येणाऱ्या वाहनाचे जवळ येणे त्या मुलांच्या दृष्टीला भरवशाने कळत नाही, असे आढळले. प्रौढांची मर्यादा बरीच वरची होती. मूल थेट न पाहता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत असेल किंवा स्वतः चालत असेल, तर अडचण आणखी वाढते. हा मुलांचा हूडपणा नव्हे आणि बेपर्वाईही नव्हे. हालचालीचा हा हिशेब पक्का व्हायला वर्षे लागतात, आणि दहा वर्षांच्या मुलाला तो आज्ञा करून शिकविता येत नाही. 'समोर बघून चाल' असे आपण त्याला सांगतो, तो बघतोही. बघूनही त्याला न दिसण्याजोगे काही असते, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, रस्त्याच्या कडेला आल्यावर आधी पूर्ण थांबावे, मग पाहावे. चालता चालता पाहू नये. डोळ्याच्या कोपऱ्यावर न विसंबता मान वळवून पाहावे. दूरचे वाहन उभे असल्यासारखे वाटले तरी ते उभे आहे असे गृहीत धरू नये. क्षणभर नजर ठेवून ते मोठे होते आहे का ते पाहावे, आणि शंका असेल तर ते निघून जाऊ द्यावे. धाकट्या भावंडाचा हात धरून हा निर्णय थोरल्याने करावा.

आणि पालकांना आमची एक नम्र विनंती आहे. सकाळी मुलांना शाळेत पोचवून परतताना आपल्याला कामावर जाण्याची घाई असते, हे आम्ही जाणतो. पण आपले मूल फाटकाच्या आत गेले तरी दुसऱ्या कोणाचे मूल त्याच वेळी रस्त्याच्या पलीकडे उभे असते. आपल्या गाडीचा काटा ताशी तिसाच्या पुढे गेला की, आपण त्या मुलाच्या दृष्टीतून हळूहळू नाहीसे होऊ लागतो. ते आपल्याकडे पाहत असते, आणि रस्ता मोकळा आहे असे समजून ते पाऊल पुढे टाकते. शाळेच्या अलीकडचे आणि पलीकडचे शंभर-शंभर मीटर ताशी ४० ऐवजी ताशी २० ने काटले, तर घरी पोचायला अठरा सेकंद अधिक लागतील. तेवढे आपण द्यावे.